जाम झालेला नट: आधी काय गमवायचं ते ठरवा, मग पाना लावा

नानांची अँबेसेडर अकरा वर्षं अमळनेरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मार्क ३, १९७७ सालची, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. बॅटरी बदलली, टाकी धुतली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला आणि गाडी चालू झाली. पण आवाज असा, की गल्लीतल्या पोरांना वाटलं ट्रॅक्टर आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव भागाचं, गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलं होतं. ते बदलायचं तर मॅनिफोल्ड उतरवायचा, आणि मॅनिफोल्ड उतरवायचा तर त्याचे नट सोडायचे. बाकीचे नट तासाभरात सुटले. मधल्या खालच्या एकाने पाच दिवस घेतले.

त्या पाच दिवसांत जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे क्रमाने सांगतो. गाडी अँबेसेडर असो, पद्मिनी असो की शेतावरची जुनी जीप, रीत तीच. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

शेजारचे आप्पा भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त. पहिल्या दिवशी मी पान्याला पाइप लावून लटकत होतो, तेव्हा ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "भो, नट चार आण्याचा, स्टड रुपयाचा अन् हेड हजाराचं. तुले काय गमवायचंय ते आधी ठरव." स्टड म्हणजे हेडमध्ये रोवलेली आट्यांची सळई, नट तिच्यावर बसतो; हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं मोठं ओतीव झाकण. पुढचं सगळं काम या एका वाक्यावर चालतं. नट वाचवायच्या नादात स्टड तुटतो, तुटका स्टड काढायच्या नादात हेडला भलतीकडेच भोक पडतं. नट गेला तरी चालेल, स्टड गेला तरी एकवेळ चालेल, हेडला धक्का लागता कामा नये, हे मनाशी पक्कं असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

नट धरतो कशामुळे

आपल्याकडची हवा कोरडी. मुंबईहून आलेल्या गाडीचे दरवाजे खालून कुजलेले असतात, तेवढ्याच वयाची धुळ्या-जळगावची गाडी टणक निघते. म्हणून वाटतं, आपल्या गाडीचे नट सुटतील सहज. एक्झॉस्टच्या नटाला मात्र ही सवलत नाही. इंजिन तापलं की तिथली तेलाची ओल पहिल्या काही फेऱ्यांतच जळून जाते. उघडं लोखंड, रोजची आच आणि पावसाळ्याची दमट हवा, एवढं गंजाला पुरतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधली जागा केसाएवढीही नसते, त्यात हा फुगून बसला की पाचर ठोकल्यासारखंच होतं.

पाण्याच्या बाजूचे बोल्ट, म्हणजे थर्मोस्टॅटच्या झाकणाचे आणि पाण्याच्या पंपाचे, वेगळ्या कारणाने धरतात. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलेलं असतं. झाकण अल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडाचा असेल तर दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट त्या भोकात जणू ओतलेला असल्यासारखा बसतो.

तिसरं कारण माणसाचं. कधीतरी कुणीतरी चुकीचा नट जोर लावून चढवलेला असतो. माझ्या गाडीत हेच निघालं, पण ते मला उशिरा कळलं.

पाना: सूत आणि मिलिमीटर

अँबेसेडरमध्ये १९५९ पासून बसलेलं हे इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं. त्याचे आटे इंची, युनिफाइड पद्धतीचे. जुन्या जीपचंही तसंच. पद्मिनी फियाट ११०० च्या घराण्यातली, ती मिलिमीटरची. आज बाजारात मिळणारा पान्यांचा संच बहुतेक मिलिमीटरचा असतो, आणि नटाचे कोपरे मारले जातात ते इथेच.

मॅनिफोल्डच्या नटाला चार सुती पाना लागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हाताशी १३ चा पाना असतो, तो "बसतो" असं वाटतं. तीन दशांश मिलिमीटरचा सैलपणा सैल नटावर कळत नाही. जाम नटावर तोच पाना कोपऱ्यावरून सरकतो आणि षटकोनाचं लिंबू करून ठेवतो. साडेचार सूत म्हणजे १४.२९, तिथे १४ चा चढत नाही आणि १५ चा फिरतो. सहा सुतीच्या जागी १९ चा चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. पाच सुतीला १६ चाही बऱ्यापैकी बसतो. बाकी ठिकाणी इंची पानाच घ्या. जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांच्या दुकानांत विचारा. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरला इंची आटे असल्यामुळे खान्देशात इंची पाने आणि इंची नट ही काही दुर्मिळ वस्तू नाही. कारच्या सुट्या भागांच्या दुकानात नाही म्हटलं, तर ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं.

पानाही कोणता? फिक्स पाना जाम नटाला लावूच नका. तो दोनच बाजू धरतो आणि जोर दिला की जबडा उघडतो. रिंग पाना बरा. सगळ्यात चांगली सहा कोनी गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारा सॉकेट. बाजारातल्या गोट्या बहुतेक बारा कोनी असतात. त्या चढवायला सोप्या, पण कोपऱ्याच्या अगदी टोकावर जोर देतात. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूवर टेकते. या कामासाठी म्हणून सहा कोनी चार सुती गोटी वेगळी घेतली तर ते पैसे पहिल्याच नटाला वसूल होतात.

मी काय केलं? चार सुती गोटी बाकीच्या नटांवर नीट बसली, या एकावर चढेना. गंज धरला असेल म्हणून १३ ची लावून पाहिली. अगदी चपखल बसली. मला आनंदच झाला! खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. सगळ्या नटांना चार सूत आणि एकालाच तेरा, याचा अर्थ तो नट मूळचा नाही. स्टड पाव इंच आणि अर्धा सूत, म्हणजे अडीच सुताचा, ७.९४ मिलिमीटरचा, आणि त्यावर कुणीतरी ८ मिलिमीटरचा नट चढवला होता. जाडी जवळपास सारखी, म्हणून सुरुवातीचे दोन फेरे सहज जातात. पण अडीच सुती बारीक आट्याला इंचात २४ आटे, म्हणजे दर आट्याला साधारण १.०६ मिलिमीटर. ८ च्या नटाचा आटा सव्वा मिलिमीटरचा. तिसऱ्या फेऱ्यापासून एकमेकांचे आटे कापत तो आत जातो. बसवणाऱ्याला वाटतं, काय घट्ट बसला! तो नट कुणी बसवला ते आता कळायचं नाही, आणि कळून उपयोगही नाही.

म्हणून पाना लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. सगळे नट एकाच जातीचे आहेत का? अँबेसेडरच्या मॅनिफोल्डला पितळी नट असतात. मध्येच एखादा लोखंडी दिसला तर संशय घ्या. स्टडचं बाहेर आलेलं टोक सरळ आहे का, त्याचे आटे शाबूत आहेत का? तारेच्या ब्रशने ते टोक आणि नटाची बैठक घासून चकचकीत करा. टोकावरचा गंज तसाच ठेवून नट सोडला तर तोच गंज नटाच्या आट्यांत शिरतो आणि अर्ध्यावर पुन्हा धरतो. ब्रश मारताना एक सांभाळा: या काळातल्या गॅस्केटमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. गॅस्केटच्या कडेला कोरडं घासू नका, पाणी शिंपडून ओलं करून घासा आणि नाकावर चांगला मास्क लावा.

शेजार मोकळा करा

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. जाड वॉशर दोन्हींच्या फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या कडेवर) एकदम टेकतो आणि एकच नट दोघांना दाबून धरतो. डोक्यावर कार्ब्युरेटर. म्हणजे जिथे उद्या आच लावायची, तिथेच आज पेट्रोल आहे. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी काढा, नळीचं तोंड बंद करा, बॅटरीची तार सोडा. कार्ब्युरेटर काढल्याने हातालाही जागा होते. गोटी तिरपी बसली की कोपरा गेलाच म्हणा, त्यामुळे ही जागा महत्त्वाची.

काम सकाळी सातला सुरू करा आणि अकराला आवरा. मे महिन्यात उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही, आणि घामाने निसटणाऱ्या हाताने या कामात बोटं फुटतात. आमची गाडी आम्ही ढकलत निंबाखाली आणली, मगच हत्यारं काढली.

तेल, आणि वाट

मेकॅनिक लोक गंज सोडवायला काय काय वापरतात ते सगळ्यांना माहीत आहे: डब्ल्यूडी फोर्टीसारखा फवारा, डिझेल, पूर्वी रॉकेल. फवारा पातळ असतो आणि आपल्या उन्हात पटकन उडून जातो. मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो पॉवर स्टीअरिंग-गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल, म्हणजे एटीएफ, आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत, वेगळे होतात, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून मग थेंब सोडायचा. काचेची किंवा धातूची बाटली घ्या; साधं प्लास्टिक अॅसिटोनने विरघळतं, गाडीचा रंगही. आणि हे मिश्रण पेट्रोलसारखंच पेट घेतं.

तेल किती ओतलं याला महत्त्व नाही, कधी ओतलं याला आहे. इंजिन चालू होत असेल तर ते गरम करा, बंद करा आणि हात क्षणभर टेकवता येईल एवढं निवू द्या. मग नटाच्या मागच्या बैठकीला आणि पुढच्या टोकाला, दोन्हीकडे थेंब सोडा. निवताना आट्यांतली हवा आखडते आणि तेल आत ओढलं जातं. हे संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभर मुरतं. सकाळी पुन्हा थेंब, संध्याकाळी पुन्हा. दोन-तीन दिवस हा नेम ठेवा. आप्पांच्या भाषेत नटाला "भिजत घालणं". दर वेळी तेल टाकल्यावर नटाच्या सपाट बाजूवर हलक्या हातोडीने आठ-दहा टोले द्या. त्या धक्क्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

जोर लावताना हाताला काय कळतं

इथे जरा थांबतो, कारण स्टड तुटतात ते याच पायरीला.

व्हाइटनरची बाटली घ्या. स्टडच्या टोकावर, नटावर आणि मॅनिफोल्डवर अशी एकच सरळ बारीक रेघ ओढा. आता गोटी लावून आधी नट आवळा. हो, आवळा. अगदी थोडासा, रेघ जेमतेम हलेल इतका. गंजाची पकड कुठल्या दिशेने तुटली याने फरक पडत नाही, ती एकदा तुटली पाहिजे. आवळताना ती पकड मोडण्यासाठी फार जोर लावायचा नाही, नाही हलला तर सोडून द्यायचं. मग सोडायच्या दिशेने, लांब टॉमीने (गोटी फिरवायच्या दांड्याने), हळूहळू वाढवत जोर. झटका नको.

आता तीन गोष्टी होऊ शकतात. "टक्" असा आवाज होऊन नट किंचित सरकला, तर काम झालं. "कर्र" असा घासत सरकला, तर नट सुटतोय पण आट्यांत गंज आहे. पाव फेरा सोडा, तेल टाका, थोडा परत आवळा, पुन्हा अर्धा फेरा सोडा. एकदम काढायला गेलात तर मध्येच धरतो. तिसरी गोष्ट वाईट: आवाज काहीच नाही, पण नट फिरतोय असं वाटतं, आणि हाताला रबर पिळल्यासारखं मऊ लागतं. ताबडतोब थांबा आणि रेघा बघा.

नटावरची रेघ स्टडच्या टोकावरच्या रेघेपासून सरकली असेल तर नट खरंच फिरतोय. नट आणि स्टडची रेघ एकत्रच मॅनिफोल्डच्या रेघेपासून सरकली असेल, तर टॉमी हळूच ढिली सोडा. रेघ परत मूळ जागी आली तर स्टड पिळला जात होता, आणि थोडा जोर आणखी लावला असता तर तो तुटला असता. रेघ परत आली नाही, तर स्टडच हेडमधून सुटतोय. ते वाईट नाही; चालू द्या, नटासकट स्टड बाहेर येऊ द्या.

पहिल्या दिवशी माझ्याकडे रेघ नव्हती, पाइप होता. हाताला मऊ लागलं आणि नशिबाने त्याच वेळी आप्पा कुंपणाशी आले.

पंक्चरवाल्याकडची इम्पॅक्ट गन चालते का? चालते, पण कमी दाबावर आणि दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात. तिचा उपयोग जोरापेक्षा ठोक्यांसाठी. पूर्ण दाबावर अडीच सुती स्टड ती काडीसारखी मोडते.

ठोकायचं असेल तर एका हातात जड हातोडा नटाच्या एका बाजूला टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने मारा. मागे आधार असला की धक्का नटात राहतो, स्टड वाकत नाही. स्टडच्या टोकावर थेट मारू नका. टोक पसरलं तर नट त्यावरून कधीच निघणार नाही. मारायचंच असेल तर मध्ये पितळी तुकडा ठेवा.

आच

तेलाने नाही सुटला तर आच. साधा गॅसचा टॉर्च घरी पुरतो, लहान नटाला तोच बरा. ऑक्सिजन-गॅसचा टॉर्च वेल्डरकडचा. तो भराभर तापवतो, पण त्याच भराभर आजूबाजूचंही जाळतो. पेट्रोल दूर, अग्निशामक जवळ, आदल्या दिवशीचं तेल फडक्याने पुसून घेतलेलं. ब्रेक क्लीनर मारला असेल तर पूर्ण सुकू द्या. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची रसायनं असतात, आणि ती आचेत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीत विषारी वायू तयार करतात.

आच नटाला द्यायची, स्टडला नाही. ज्वाला नटाच्या बाहेरच्या बाजूंवर फिरवा, टोकावर नको. नट आधी तापून फुगतो, आतला स्टड मागे राहतो. किती फुगतो? पोलादी नट स्टडपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला तर ८ मिलिमीटरच्या भोकात फरक पडतो साधारण दोन शतांश मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सोडवायला पुष्कळ. हळू तापवलंत तर स्टडही सोबतच तापतो आणि हा फरक राहत नाही. म्हणून ज्वाला जोरात आणि वेळ थोडा.

घासून चकचकीत केलेल्या पोलादी नटावर रंग बघा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी-जांभळा, मग निळा. निळा म्हणजे साधारण ३०० अंश. बहुतेक वेळा तिथेच थांबून गोटी लावली तरी चालतं. लोखंडी हेडवर लोखंडी नट असेल तर मंद लाल होईपर्यंतही नेता येतो. पितळी नट लाल करू नका, तो गरमीत मऊ पडतो आणि गोटीखाली कुस्करतो. पितळ तसंही पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्याला कमी आच पुरते. आणि पद्मिनीवाल्यांनी विशेष सांभाळा: तिचं हेड अल्युमिनियमचं. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि वितळण्याआधी लाल दिसत नाही. डोळ्याला काही कळायच्या आत कोपरा ओघळतो. तिथे छोटा टॉर्च, फक्त नटावर, आणि थोडाच वेळ.

लाली उतरली की मेणबत्ती लावा. साधी पूजेची मेणबत्ती. नट आणि स्टडच्या सांध्यावर टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं; थोडा धूर निघतो, तोंड बाजूला ठेवा. तेल अशा गरम ठिकाणी भडकू शकतं, म्हणून तिथे मेण. पाणी ओतून निववू नका, ओतीव लोखंड तडकतं. आपोआप निवू द्या आणि मग पुन्हा एकदा तापवा. दोन-तीन वेळा तापवून निवल्यावर जे होतं ते एका मोठ्या आचेने होत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी आणि आप्पांनी तीन वेळा तापवलं, दोनदा मेण लावलं. तिसऱ्यांदा निवल्यावर टॉमी लावली आणि रेघा बघितल्या. नट आणि स्टड एकत्र सरकले. टॉमी सोडली. रेघ जागची हलली नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "स्टड येऊ ऱ्हायला, येऊ दे." तापून लांब झालेला आणि निवून आखडलेला स्टड हेडच्या आट्यांतून सुटला होता. नट शेवटपर्यंत सुटलाच नाही. पंधरा मिनिटांनी स्टड नटासकट हातात आला. नट व्हाइसमध्ये धरून कापला तेव्हा आत आट्यांच्या जागी नुसता लोखंडाचा चुरा निघाला.

कोपरे गेले असतील तर

आधीच कुणी नट गोल करून ठेवला असेल तर एक माप खालची सहा कोनी गोटी ठोकून बसवा. १२.७ चा नट गोल झाला की त्यावर १२ ची गोटी हातोडीने घट्ट बसते आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. गोटीत नट अडकला तर नंतर मागून ठोकून काढता येतो. जागा असेल तर कानशीने नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान पाना लावता येतो. व्हाइस ग्रिप शेवटचा उपाय. ती घसरली की उरलेलं धातूही खरवडून नेते.

तेही जमलं नाही तर नटाचा बळी द्यायचा. नट स्प्लिटर मिळाला तर उत्तम: त्याची धार नटात शिरते आणि नट फाटतो. पितळी नटाला तर तो लोण्यासारखा चालतो. नसेल तर हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून, स्टडला समांतर, नटाची एक बाजू आट्यांपर्यंत कापा. आट्यांना लागण्याआधी थांबा आणि त्या खाचेत छन्नी ठेवून एक टोला मारा, नट उघडतो. ग्राइंडरने झटपट होतं, पण ठिणगी किती लांब जाते ते लक्षात ठेवा आणि पेट्रोलची नळी पुन्हा एकदा तपासा.

पोलादी नटावर दुसरा मोठा नट वेल्ड करून तो फिरवणं हा वेल्डरचा आवडता उपाय, आणि चांगला आहे, कारण वेल्डिंगची आचच अर्धं काम करते. पितळी नटावर मात्र साध्या वेल्डिंगने तो चिकटणार नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडलेली असायलाच हवी.

स्टड तुटलाच तर

थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून आतून वेल्ड करा, निवू द्या, मेण लावा, मग फिरवा. हेडच्या पातळीला तुटला असेल तर ड्रिल. ड्रिल करण्याआधी कानशीने तोंड सपाट करा आणि बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारा. इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. आधी बारीक बिट, मग मोठा. उलट्या फिरणारा बिट मिळाला तर कित्येकदा ड्रिल करतानाच उरलेला तुकडा बाहेर येतो. बाजारात मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मला आवडत नाही. तो कडक पोलादाचा; आत तुटला तर साधा ड्रिल त्याला लागतच नाही, आणि मग हेड लेथवाल्याकडे.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी, बसवता येतो. टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घेण्याआधी आट्यांचा गेज लावा. स्टडच्या दोन टोकांचे आटे एकसारखे असतीलच असं नाही: नटाच्या बाजूला बारीक, इंचात २४, आणि हेडच्या बाजूला जाड, इंचात १८, असंही असतं. हेलिकॉइल नसताना मूळ मापाचाच आटा पाडायचा तर बारीक आट्यासाठी ड्रिल ६.९ मिलिमीटरचा, जाड आट्यासाठी ६.५ चा; हेलिकॉइलला याहून मोठा ड्रिल लागतो. इथे अंदाजाने टॅप फिरवलात तर वाचवलेलं हेड पुन्हा धोक्यात येतं.

परत बसवताना

जुन्या स्टडचे आटे डायने (बाहेरचे आटे पाडायच्या चकतीने) साफ करून घ्या. संशय असेल तर स्टड बदला. नट नवे, पितळी, आणि हाताने शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. तिसऱ्या फेऱ्याला पाना लागत असेल तर तो नट त्या स्टडचा नाही. आट्यांना पातळसं कॉपर ग्रीस. नट मधून बाहेर अशा क्रमाने, थोडे थोडे आवळा. या मापाच्या नटाला १५ फूट-पाउंड, म्हणजे २० न्यूटन-मीटर पुरतात. ग्रीस असेल तर त्याहून थोडं कमी. टॉर्क पाना नसेल तर लांब टॉमी मुळीच वापरू नका, आखूड पान्याने एका हाताच्या मनगटाचा जोर पुरे.

पहिल्यांदा गाडी गरम झाली की गॅस्केट बसतं आणि नट ढिले पडतात. मी गाडी अमळनेरहून पारोळ्यापर्यंत नेऊन आणली, रात्रभर निवू दिली आणि सकाळी थंड इंजिनावर सगळे नट पुन्हा तपासले. मधल्या खालच्या नटाने जेमतेम पाव फेरा घेतला.